प्लेगच्या लसीची सुई आधी स्वतःला टोचून घेणारा हाफकिन नक्की होता तरी कोण?

२०२२ साली महाराष्ट्रात एका नावावरून मीम्सचा नुसता पाऊस पडला होता. नाव होतं हाफकिन. एका सरकारी बैठकीत हाफकिन ही संस्था नसून कुणी माणूस आहे, असा गोंधळ झाल्याचा किस्सा व्हायरल झाला. ज्यांच्या नावावर तो किस्सा खपवला गेला त्यांनी तो साफ नाकारला, पण तोपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर जे फिरायचं ते फिरून झालं होतं.

नागपूरकरांना हे नाव तसं नवीन नव्हतं. राज्यातल्या सरकारी दवाखान्यांची औषध खरेदी काही वर्षं हाफकिन महामंडळाकडे होती, त्यामुळे मेडिकल आणि मेयोमधल्या औषधांच्या बातम्या आल्या की हे नाव यायचंच.

पण या सगळ्यात एक गोष्ट राहूनच गेली. ती म्हणजे हाफकिन नावाचा माणूस खरोखरच होऊन गेला.

तो मराठी नव्हता, भारतीय नव्हता, इंग्रजही नव्हता. तो डॉक्टरसुद्धा नव्हता. पण मुंबईत प्लेगने माणसं पटापट मरत होती तेव्हा भायखळ्यातल्या एका खोलीत बसून त्याने लस तयार केली आणि पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. पुढे १९ माणसांच्या मृत्यूचा ठपका त्याच्यावर आला आणि त्याला हा देश सोडून जावं लागलं.

आपलं शरीर जंतूंशी कसं लढतं, हे समजून घ्यायचं असेल तर या माणसाची गोष्ट माहीत असायलाच हवी.

ओडेसातला विद्यार्थी आणि गुलाबाचा काटा

वाल्डेमार हाफकिनचा जन्म १८६० सालचा. तेव्हाच्या रशियन साम्राज्यात, काळ्या समुद्राच्या काठावर ओडेसा नावाचं बंदर होतं. तिथल्या एका ज्यू कुटुंबातला हा मुलगा. ओडेसाच्या विद्यापीठात त्याने प्राणीशास्त्र शिकायला सुरुवात केली आणि तिथे त्याला गुरू भेटले इल्या मेचनिकोव्ह.

मेचनिकोव्ह यांनी १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे एक साधा प्रयोग केला होता. त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात गुलाबाचा बारीक काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर काट्याच्या भोवती पेशींनी गराडा घातलेला होता. बाहेरून आलेल्या वस्तूला वेढायचं आणि जमलं तर गिळून टाकायचं, असा त्या पेशींचा उद्योग चालला होता.

आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी हेच काम करतात. बोटात कूस घुसली की ती जागा लाल होते, सुजते, कधी पू होतो. तो पू म्हणजे बऱ्याच अंशी जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. शरीराच्या संरक्षणाची ही पहिली फळी. जंतू कोण आहे, कुठून आला याची ती फार चौकशी करत नाही. परका दिसला की धावून जाते.

हाफकिनच्या आयुष्यात मात्र तेव्हा वेगळीच लढाई सुरू होती. १८८१ मध्ये रशियात ज्यू लोकांवर हल्ले सुरू झाले. ओडेसातल्या ज्यू तरुणांनी आपल्या वस्त्यांच्या रक्षणासाठी गट बांधला, त्यात हाफकिन होता. त्याला अटक झाली. मेचनिकोव्ह यांनी शब्द टाकला म्हणून तो सुटला. पुढे विद्यापीठात बढती हवी असेल तर धर्म बदलावा लागेल अशी परिस्थिती आली. त्याने नकार दिला. हुशारी असूनही प्राध्यापकी मिळाली नाही, म्हणून काही वर्षं तो ओडेसातल्या प्राणीशास्त्राच्या संग्रहालयात काम करत राहिला.

१८८८ मध्ये त्याने देश सोडला. आधी जिनिव्हा, मग १८८९ मध्ये पॅरिस. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेचनिकोव्ह आधीच पोहोचले होते. हाफकिनसाठी जागा मिळाली ती ग्रंथपालाची. दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचं, असा त्याचा दिनक्रम सुरू झाला.

पहिली सुई कॉलऱ्याची

त्या काळात शास्त्रज्ञांमध्ये एक मोठा वाद पेटला होता. मेचनिकोव्ह म्हणत होते की जंतूंशी लढतात त्या पेशी. जर्मनीतले शास्त्रज्ञ म्हणत होते की खरी ताकद आहे रक्ताच्या पाण्यात, म्हणजे सीरममध्ये. एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० मध्ये दाखवून दिलं होतं की, धनुर्वाताच्या विषाची सवय केलेल्या प्राण्याचं सीरम दुसऱ्या प्राण्याला दिलं तर तोही वाचतो.

आज आपल्याला माहीत आहे की दोघंही बरोबर होते. सीरममधल्या त्या ताकदीला आपण अँटिबॉडीज म्हणतो आणि त्या तयार करतात त्याही एक प्रकारच्या पांढऱ्या पेशीच. १९०८ चं नोबेल पारितोषिक मेचनिकोव्ह आणि जर्मनीचे पॉल एर्लिख यांना विभागून देण्यात आलं.

हाफकिनला वादापेक्षा कामात रस होता. त्याने कॉलऱ्याचे जंतू घेतले. एका बाजूला ते गरम हवेवर वाढवून दुबळे केले. दुसऱ्या बाजूला तेच जंतू गिनीपिगच्या एकाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात असे नेत नेत जहाल केले. आधी दुबळ्या जंतूंची सुई द्यायची आणि काही दिवसांनी जहाल जंतूंची.

असं का? तर शरीराची दुसरी फळी शिकायला वेळ घेते. पहिल्यांदा दिसलेल्या जंतूचा नेमका आकार ओळखायचा, त्यावर बसतील अशाच अँटिबॉडीज बनवायच्या, यात साधारण एक ते दोन आठवडे जातात. खऱ्या आजारात तेवढा वेळ मिळतोच असं नाही. पण एकदा ओळख झाली की काही पेशी ती आठवण जपून ठेवतात. तोच जंतू परत आला की शरीर दोन आठवडे थांबत नाही, काही दिवसांतच जोरदार उत्तर देतं. दुबळे जंतू म्हणजे शरीराला दिलेली सरावाची परीक्षा.

१८ जुलै १८९२ ला हाफकिनने कॉलऱ्याची ही लस स्वतःला टोचली. ताप आला, अंग दुखलं आणि उतरलं. मग काही मित्रांनीही ती घेतली. पण युरोपातल्या बड्या मंडळींना त्यात फारसा रस वाटला नाही. तेव्हा लॉर्ड डफरिन हे पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्याआधी ते भारताचे व्हाईसरॉय होते आणि कॉलरा काय करतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हाफकिनला भारताची वाट दाखवली.

१८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरला. दोन वर्षांत त्याने उत्तर भारत पालथा घातला. लष्करी छावण्या, तुरुंग, चहाचे मळे, कलकत्त्याच्या गरीब वस्त्या. सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली गेली. काही ठिकाणी लोकांनी दगडही मारले. शेवटी मलेरियाने त्याला गाठलं आणि १८९५ मध्ये त्याला युरोपात परतावं लागलं. बरा झाल्यावर १८९६ मध्ये तो पुन्हा भारतात आला आणि त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला.

मुंबईत गाठीचा ताप

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना एका रुग्णाच्या अंगावर गाठ दिसली. ताप भयंकर होता. हा प्लेग आहे, हे त्यांनी ओळखलं. बघता बघता गोदामांच्या आणि चाळींच्या गल्ल्यांमधून साथ पसरली. लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे निघाले. त्यांच्याबरोबर आणि धान्याच्या पोत्यांतल्या उंदरांबरोबर प्लेगही रेल्वेने निघाला.

प्लेगचा जंतू उंदरांवरच्या पिसवांमधून माणसात येतो. पिसू चावली की तो जवळच्या लसिका ग्रंथीत, म्हणजे काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठीत पोहोचतो. आता ही गाठ म्हणजे काय, तर आपल्या पांढऱ्या पेशींची छावणी. इथेच त्यांना शत्रूची ओळख करून दिली जाते. प्लेगचा जंतू थेट या छावणीत घुसतो. वर त्याला गिळणाऱ्या पेशींच्या पोटातही तो जिवंत राहू शकतो. त्यामुळे पहिली फळी कोलमडते आणि दुसरी फळी तयार होईपर्यंत माणूस गेलेला असतो. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती. गाठ आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं दगावायची.

सरकारने हाफकिनला कलकत्त्याहून मुंबईला बोलावलं. ऑक्टोबर १८९६ मध्ये तो आला. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्याला जागा मिळाली ती एक खोली आणि एक व्हरांडा. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या लवाजम्यावर जगातल्या सगळ्यात भीतीदायक आजाराशी सामना करायचा होता.

नागपुरात तेव्हा मेडिकल कॉलेज नव्हतं. डॉक्टर व्हायचं तर मुंबई गाठावी लागायची. पुढे नागपूरचे म्हणून ओळखले गेलेले डॉ. बा. शि. मुंजे हे याच ग्रँट मेडिकल कॉलेजमधून १८९८ मध्ये डॉक्टर झाले. म्हणजे ज्या वर्षांत ते तिथे शिकत होते, त्याच वर्षांत त्याच कॉलेजात हाफकिनची लस शिजत होती.

शिजत होती हा शब्द इथे अगदी बरोबर आहे. हाफकिनने बकऱ्याच्या मांसापासून पातळ रस्सा बनवला. चंबूतल्या त्या रस्स्यावर त्याने तूप सोडलं. हो, आपलं साजूक तूप. तुपाचे थेंब वर तरंगायचे आणि त्यांना लटकून प्लेगचे जंतू खाली वाढायचे, गुहेच्या छताला चुन्याचे सुळके लोंबतात तसे. चंबू हलवला की ते सुळके तळाशी पडायचे आणि वर नवे वाढायला लागायचे. कित्येक आठवडे हे चालायचं. भरपूर जंतू जमले की ते तापवून मारायचे आणि वर थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं.

म्हणजे या लसीतले जंतू मेलेले होते. मग मेलेल्या जंतूचा उपयोग काय?

शरीराला ओळखायचा असतो तो जंतूचा चेहरा, म्हणजे त्याच्या अंगावरची प्रथिनं आणि आवरण. जंतू मेला तरी चेहरा बराचसा तसाच राहतो. तो आजार पसरवू शकत नाही, पण पांढऱ्या पेशींना धडा शिकवू शकतो. हाफकिनने रस्साही फेकला नाही, कारण जंतूंनी वाढताना सोडलेले पदार्थ त्यात असायचे आणि त्यांचीही ओळख शरीराला व्हावी असं त्याचं गणित होतं.

१० जानेवारी १८९७. हाफकिनने नेहमीच्या मात्रेपेक्षा बरीच मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. अंगात ताप भरला, सुई टोचली तिथे ठणका लागला, पण काही दिवसांत तो ठणठणीत झाला. लसीनंतर येणारा हा ताप म्हणजे आजार नसतो. शरीराची यंत्रणा जागी झाल्याची ती खूण असते. कोरोनाची लस घेतल्यावर रात्री कणकण आली होती ना, तोच प्रकार.

लस चालते हे दाखवायचं कसं?

स्वतः टोचून घेतलं म्हणजे लस सुरक्षित आहे असं म्हणता येईल, पण ती प्लेग अडवते का हे त्यातून कळत नाही. योगायोगाने त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी स्वतःहून तयार झाले त्यांना लस दिली गेली, बाकीच्यांना नाही. सगळे एकाच छताखाली, एकच जेवण, एकच हवा. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांमध्ये आजार आणि मृत्यू स्पष्टपणे जास्त दिसले.

आज नवी लस आली की एका गटाला लस आणि दुसऱ्या गटाला नाही, अशी तुलना केली जाते. हाफकिन सव्वाशे वर्षांपूर्वी तेच करू पाहत होता. पुढे बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावात त्याने आणखी काटेकोर तुलना केली. एकाच घरातल्या काही जणांना लस दिली, काहींना नाही. तिथेही निकाल लसीच्याच बाजूने लागला.

ही लस पूर्ण कवच होती असं मात्र नाही. काहींना लस घेऊनही प्लेग व्हायचा. ज्यांच्या अंगात जंतू आधीच शिरलेला असे त्यांना तिचा फारसा उपयोग होत नसे, कारण शरीराला शिकायला वेळच मिळत नसे. फुप्फुसांच्या प्लेगपुढे ती तोकडी पडायची. पण मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी व्हायचे आणि त्या काळात तीच मोठी गोष्ट होती.

खरी अडचण विश्वासाची होती. त्याच काळात सरकारने १८९७ चा साथरोग कायदा आणला. पुण्यात गोरे सोल्जर घरात घुसून झडत्या घेत होते, माणसांना ओढून छावणीत नेत होते. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच आजाराने १० मार्च १८९७ ला गेल्या. २२ जूनला चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. सरकारी माणूस सुई घेऊन दारात आला, तर लोकांनी विश्वास ठेवायचा तरी कसा?

हाफकिनचा मार्ग वेगळा होता. त्याला लोक स्वतःहून यायला हवे होते. मुंबईत त्याला साथ मिळाली ती खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान तिसरे यांची. वय विशीच्या आसपास. त्यांनी आपल्या लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. प्रमुखाने घेतली म्हटल्यावर हजारो खोजा रांगेत उभे राहिले.

१८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे एकेकाळच्या गव्हर्नरच्या निवासस्थानी, प्लेगची प्रयोगशाळा थाटली गेली. एका व्हरांड्यातून निघालेला हाफकिन तीन वर्षांत थेट गव्हर्नरच्या वाड्यात पोहोचला होता. आता तिथून देशभर लसीच्या बाटल्या रवाना होऊ लागल्या.

मुल्कोवालची १९ माणसं

१९०२ साल उजाडलं. प्लेग मुंबई-पुण्यापुरता उरला नव्हता. मध्य प्रांतात तो पोहोचला होता. नागपूरच्या त्या वर्षीच्या साथीत घरंच्या घरं उजाड झाली. केशव बळीराम हेडगेवार तेव्हा १३ वर्षांचे होते. त्यांचे आई आणि वडील दोघंही याच साथीत गेले.

पंजाबात तर हाहाकार होता. तिथल्या सरकारने लसीकरणाची मोठी मोहीम काढली आणि परळच्या प्रयोगशाळेकडे प्रचंड मागणी नोंदवली. मागणी भागवण्यासाठी लस बनवण्याच्या पद्धतीत काही बदल करण्यात आले. कार्बोलिक ॲसिड वगळून फक्त उष्णतेवर जंतू मारले जाऊ लागले. ही पद्धत पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही वापरात होती.

३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. काही दिवसांनी त्यातल्या १९ जणांचे जबडे आवळायला लागले, पाठी धनुष्यासारख्या ताणल्या गेल्या. तो धनुर्वात होता. १९ च्या १९ जण दगावले. सगळ्यांना लस एकाच बाटलीतून दिली होती. बाकीच्या बाटल्यांमधून लस घेतलेल्यांना काहीही झालं नाही.

इथे शरीराच्या संरक्षणाची एक मर्यादा दिसते. लसीने मिळणारी आठवण नेमकी असते. ज्याचा चेहरा दाखवला त्यालाच शरीर ओळखतं. प्लेगचा धडा धनुर्वाताच्या वेळी कामाला येत नाही. त्यात धनुर्वाताचा जंतू वेगळ्याच जातीचा. तो मातीत, शेणात बीजाणूच्या रूपात वर्षानुवर्षं पडून राहतो. जखमेतून आत खोलवर, जिथे हवा पोहोचत नाही तिथे, तो जागा होतो आणि विष सोडतो. हे विष इतकं जहाल की जीव घ्यायला त्याचा अगदी सूक्ष्म अंश पुरतो. तेवढ्या सूक्ष्म अंशातून शरीर काही शिकतही नाही. त्यामुळे धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालाही धनुर्वाताची लस घ्यावीच लागते.

प्रश्न होता तो जंतू बाटलीत कुठून शिरला? परळच्या प्रयोगशाळेत की मुल्कोवालमध्ये बाटली उघडताना?

चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने ठपका प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिनला कामावरून दूर करण्यात आलं आणि १९०४ मध्ये तो भारत सोडून लंडनला गेला. ज्या माणसाने हजारोंना वाचवलं, त्याच्याकडे लोक आता १९ जणांचा मारेकरी म्हणून पाहत होते.

पण चौकशीचे कागद नीट वाचल्यावर वेगळंच चित्र समोर येत होतं. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता. तो उकळून घ्यायला हवा होता, पण नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून परत वापरला गेला. धनुर्वाताचे बीजाणू एवढ्याने मरत नाहीत. दुसरं म्हणजे, बाटली प्रयोगशाळेतून निघून बरेच दिवस झाले होते. जंतू तिथेच शिरला असता तर इतक्या दिवसांत तो वाढला असता आणि बाटलीला घाण वास सुटला असता. लस टोचणाऱ्या डॉक्टरांना असा कुठलाच वास आला नव्हता. तिसरं म्हणजे, बाटलीत आधीच विष साचलेलं असतं तर लोक आणखी लवकर आजारी पडले असते. इथे लक्षणं दिसायला जवळपास आठवडा लागला. म्हणजे जंतू ताजाच शिरला होता आणि विष शरीरात गेल्यावर तयार झालं होतं.

हाफकिनच्या बाजूने उभे राहिले ते रोनाल्ड रॉस. मलेरिया डासांमुळे पसरतो हे भारतातच शोधून नोबेल मिळवणारे रॉस. त्यांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्रं लिहिली. १९०७ च्या जुलैमध्ये रॉस यांच्यासह १० नामवंत शास्त्रज्ञांनी मिळून हाफकिनवरचे आरोप पुराव्यात टिकत नाहीत असं जाहीर केलं. त्याच वर्षाच्या शेवटी सरकार नमलं आणि हाफकिनला पुन्हा नोकरी देऊ केली.

हाफकिन परत आला, पण मुंबईला नाही. परळच्या प्रयोगशाळेत त्याची जागा राहिली नव्हती. कलकत्त्यात त्याला काम मिळालं, तेही लसीच्या चाचण्या घ्यायच्या नाहीत या अटीवर. १९१४ च्या सुमारास तो निवृत्त होऊन युरोपात परतला. लग्न त्याने केलं नव्हतं. उरलेलं आयुष्य त्याने धर्माच्या अभ्यासात आणि ज्यू समाजाच्या कामात घालवलं. आपली कमाई त्याने पूर्व युरोपातल्या ज्यू धार्मिक शाळांसाठी देऊन टाकली. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे त्याचा मृत्यू झाला.

त्याआधी एक बरी गोष्ट घडली होती. १९२५ मध्ये परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट असं नाव देण्यात आलं. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लसीच्या अडीच कोटींहून जास्त मात्रा बाहेर पडल्या होत्या.

जीवाणू वेगळे, विषाणू वेगळे, धडा तोच

हाफकिन ज्यांच्याशी लढला ते कॉलरा, प्लेग आणि धनुर्वात हे तिन्ही आजार जीवाणूंचे. जीवाणू म्हणजे स्वतःचा संसार स्वतः चालवणारी एक पेशी. ते बहुतेक वेळा आपल्या पेशींच्या बाहेर वाढतात. अँटिबॉडीज त्यांना चिकटतात, रक्तातली काही प्रथिनं त्यांच्या आवरणाला भोकं पाडतात आणि मेचनिकोव्ह यांच्या त्या गिळणाऱ्या पेशी त्यांना संपवतात. आज वर अँटिबायोटिक्सही मदतीला आहेत, त्यामुळे वेळेत उपचार मिळाले तर प्लेगचा रुग्णही वाचतो.

विषाणूचं तसं नाही. कोरोना, डेंग्यू, गोवर, पोलिओ हे विषाणूंचे आजार. विषाणूला स्वतःचं घर नसतं. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याच सामानाने स्वतःच्या प्रती काढतो. अँटिबॉडीज त्याला पेशीत शिरण्याआधी दारातच अडवू शकतात. पण एकदा तो आत गेला की वेगळी तुकडी लागते. विषाणू शिरलेली पेशी धोक्याचा रासायनिक संदेश सोडते, त्यामुळे शेजारच्या पेशी सावध होतात. मग टी पेशी नावाच्या मारेकरी पांढऱ्या पेशी येतात आणि ती बाधित पेशीच संपवून टाकतात. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही ते याचसाठी. साध्या सर्दीला मेडिकलमधून अँटिबायोटिकची पट्टी आणून काही होत नाही.

शरीराला आधीच ओळख करून द्यायची, हा धडा मात्र दोन्हीकडे सारखाच. पोलिओच्या डोसात दुबळा केलेला विषाणू असतो. कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला अख्खा कोरोना विषाणू होता, म्हणजे हाफकिनच्या चंबूतलीच युक्ती, फक्त जीवाणूच्या जागी विषाणू. कोव्हॅक्सिनच्या २०२० मधल्या चाचण्यांच्या केंद्रांमध्ये नागपूरही होतं. भायखळ्यातल्या त्या कैद्यांसारखेच इथले स्वयंसेवकही स्वतःहून पुढे आले होते.

आणि जिथे शिकवायला वेळच नसतो तिथे? विदर्भातल्या शेतात नाग किंवा घोणस चावल्यावर शरीराने दोन आठवडे अभ्यास करून चालत नाही. तेव्हा दिलं जातं ते सर्पविषावरचं औषध, म्हणजे घोड्याच्या शरीराने बनवलेल्या तयार अँटिबॉडीज. बेहरिंग आणि कितासातो यांचीच ती जुनी कल्पना. हे औषध बनवणाऱ्यांमध्ये हाफकिनचंही नाव आहे.

१९६४ मध्ये भारत सरकारने हाफकिनच्या नावाने पोस्टाचं तिकीट काढलं. त्यानंतर हळूहळू माणूस मागे पडला आणि नाव तेवढं राहिलं, इमारतीवर, औषधांच्या खोक्यांवर, टेंडरच्या बातम्यांमध्ये. आणि एक दिवस ते मीममध्ये आलं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी हसत हसत विचारलं की हाफकिन हा माणूस आहे की संस्था, तर सांगा, आधी माणूस होता. धर्म बदलला नाही म्हणून त्याला प्राध्यापकी मिळाली नाही, एका मदतनिसाच्या हातून चिमटा पडला म्हणून त्याचं नाव बदनाम झालं, आणि तरी त्याने बनवलेली लस कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचली.